तुमच्यावर अवलंबून कोण?

लॉन्ड्रीत बसून कर भरतात म्हटलं की नवा माणूस हसतो. हसू दे बापडा. गल्लीच्या वळणावरच्या त्या लॉन्ड्रीत, काउंटर आणि धुलाईच्या मशिनी यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत एक टेबल आहे आणि त्या टेबलामागे दुपारनंतर वजावटबाई बसतात. हे काही त्यांचं आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. पण कुणाच्या करातून काय काय वजा होऊ शकतं हे त्या इतक्या हिरिरीनं शोधतात, की कुण्या गिऱ्हाइकानं गमतीनं हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. लॉन्ड्रीवाल्यानं तर दारावरच्या पाटीवर 'कपडे धुऊन मिळतील'च्या खाली 'रिटर्न भरून मिळतील' असं रंगवून घेतलं, आणि रंगाऱ्याला दिलेले पैसे धंद्याच्या खर्चात दाखवले. तेही बाईंनीच सुचवलेलं.

आता लॉन्ड्रीच का, तर त्याला कारण आहे. लोक पावती घेतात आणि पँटच्या खिशात कोंबून मोकळे होतात. औषधांची पावती, विम्याच्या हप्त्याची, शाळेच्या फीची, देणगीची, सगळ्या त्या एका खिशात. लॉन्ड्रीवाला कपडे मशिनीत टाकण्याआधी खिसे उलटे करतो. सापडलेले कागद फेकायचे त्याच्या जिवावर यायचं. मग तो ते हातानं सरळ करायचा, त्यावर गिऱ्हाइकाचा नंबर टाकायचा आणि पत्र्याच्या डब्यात ठेवून द्यायचा. बाई तेव्हा घरीच लोकांचे रिटर्न भरायच्या. एकदा कोट टाकायला आल्या, तो डबा पाहिला, आणि दुसऱ्या दिवशी टेबल घेऊनच हजर झाल्या. टेबल ठेवू का म्हणून विचारलंसुद्धा नाही. लॉन्ड्रीवाला म्हणतो, ताईंनी विचारलं असतं तर मी भाडं मागितलं असतं, म्हणूनच नाही विचारलं.

बाईंची पद्धत मात्र जगावेगळी. गिऱ्हाईक आलं आणि फाइल उघडायला लागलं, की बाई फाइलवर हात ठेवतात. कागद नंतर. आधी डोळे मिटा आणि गेलं वर्ष सांगा. कुठून सुरुवात करायची ते तुमचं तुम्ही बघा, मी मध्ये बोलणार नाही.

नव्या माणसाला वाटतं, बाईंचं डोकं ठिकाणावर नाही. पण मागे मशिनींची घरघर एका लयीत चाललेली असते. इस्त्रीची कोमट वाफ अंगावर येत असते. वर तारेवर लोकांचे कोट, पडदे, कुणाचा तरी झगा, सगळं पातळ पिशव्यांत टांगलेलं, पंख्याच्या वाऱ्यानं संथ हलत असतं आणि त्यातून गाळून आलेला दुपारचा उजेड टेबलावर सांडलेला असतो. माणूस डोळे मिटतो आणि बघता बघता कुठल्या कुठे पोचतो. एका बस ड्रायव्हरला आधी नुसता रस्ताच दिसला. रस्ता, रस्ता आणि रस्ता. मग रस्त्याकडेचा दवाखाना दिसला, मग त्या दवाखान्याच्या बाकावर पर्स घट्ट धरून बसलेली बायको दिसली, आणि तिच्या त्या तपासण्यांचा खर्च वजा होतो हे ड्रायव्हरच्या गावीही नव्हतं. एक शिक्षिका वर्ष सांगता सांगता चक्क झोपली. बाईंनी तिला झोपू दिलं. स्वप्नात तिला जुनं कॉलेज दिसलं होतं, आणि उठल्यावर त्यावरून शिक्षणासाठी काढलेल्या कर्जाचं व्याज आठवलं. नुसत्या फाइलीवरून रिटर्न भरला की माणसाचं निम्मं वर्ष बाहेर राहतं, असं बाईंचं म्हणणं.

डोळे उघडले की मात्र बाई एकदम रोखठोक. पगाराच्या दाखल्यावर कर कापलाय एवढा, आणि सरकारकडे जमा दिसतोय तेवढाच का, ते आधी जुळवा. बँकेचं व्याज किरकोळ असलं तरी दाखवा, बँकेनं ते वर कधीच कळवलेलं असतं, तुम्ही लपवून कुणाला फसवणार. देणगी दिलीत तर पावती मागा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. घरात एक जुनं पाकीट ठेवा आणि पावती हातात आली की त्यात टाका, म्हणजे लॉन्ड्रीवाल्याला तुमचे खिसे चाचपायला नकोत. खाते क्रमांक दोनदा वाचा, नाहीतर परतावा भलत्याच्याच घरी जाऊन बसायचा. दोन तऱ्हांनी कर काढता येत असेल तर दोन्ही तऱ्हांनी काढून बघा आणि मग कमी पडेल ती धरा. आणि खोटी पावती माझ्या टेबलावर आणलीत तर तुमच्या शर्टाबरोबर तुम्हालाही मशिनीत टाकीन. हे शेवटचं त्या हसून म्हणतात, पण एका सोनाराला त्यांनी खरंच उठवून लावलं होतं.

सगळं झालं की बाई पेन खाली ठेवतात आणि शेवटचा प्रश्न विचारतात. तुमच्यावर अवलंबून कोण?

इथे माणसं अडतात. उत्पन्न सांगताना अडत नाहीत एवढी इथे अडतात.

ही पद्धत बाईंनी शोधलेली नाही, बरं का. ती त्यांच्या वडिलांची. बाबा लाकडाच्या वखारीत कारकून होते आणि संध्याकाळी वखारीच्या दाराशी खुर्ची टाकून हमालांचे, सुतारांचे, शेजारपाजाऱ्यांचे फॉर्म फुकट भरून द्यायचे. लिहिता वाचता न येणारा माणूस फाइल कुठून आणणार. म्हणून बाबा म्हणायचे, डोळे मीट आणि सांग. बाई तेव्हा एवढ्याशा होत्या, लाकडाच्या भुशात बसून ऐकायच्या. माणसं डोळे मिटून काय काय सांगतात याचं त्यांना तेव्हापासून वेड.

आता बाबा रोज दुपारी बाईंबरोबर लॉन्ड्रीत येतात आणि मोठ्या मशिनीच्या गोल काचेसमोर स्टुलावर बसतात. आत कपडे फिरतात, फेस वर येतो, खाली जातो, आणि बाबा ते बघत राहतात. मध्येच हसतात. कधी काचेकडे बोट दाखवून म्हणतात, तो निळा पुन्हा आला. त्यांना आता आज काय वार हे सांगता येत नाही, जेवलो की नाही हे आठवत नाही, आणि लेकीला ते एखाद दिवशी बहीण समजतात, एखाद दिवशी शेजारीण. चांगल्या दिवशी मात्र 'चिमणे' म्हणून हाक मारतात. बाई पन्नाशी ओलांडलेल्या, चांगल्या उंचनिंच, पण त्या हाकेवर अशा धावत जातात की लॉन्ड्रीवाला इस्त्री थांबवून बघत बसतो.

दुपारचं असं निभत होतं. घोडं अडलं होतं ते सकाळी. सकाळी बाई पाइप बनवणाऱ्या एका कंपनीत हिशेबाच्या खात्यात नोकरी करतात. त्या पगारावर घर चालतं. रिटर्नचं काम लोकांच्या प्रेमापोटी, त्यात काय सुटणार. सकाळभर बाबा घरी एकटे, दाराला बाहेरून कडी. एके दिवशी कडी नीट बसली नाही. बाबा निघाले ते थेट जुन्या वखारीच्या जागी पोचले. तिथे आता गाड्या उभ्या करतात. गाड्यांच्या मधोमध बाबा उभे, आणि येणाऱ्या जाणाऱ्याला विचारतायत, लाकूड कुठे ठेवलंत. बाईंना फोन आला तेव्हा त्या हातातलं काम टाकून कंपनीतून तशाच धावत सुटल्या.

त्यानंतर धाकट्या भावाचा फोन. भाऊ दूरच्या शहरात, स्वभावानं वाईट नाही, पण लांबून सगळं सोपं दिसतं. म्हणाला, ताई, आता तुला झेपायचं नाही. एक चांगली संस्था बघितली आहे, अशा माणसांना सांभाळणारी. जागा धरून ठेवली आहे, महिनाअखेरपर्यंत कळव. बाई म्हणाल्या, सकाळपुरती कुणी बाई मिळाली तर लागेल कशाला संस्था. भाऊ म्हणाला, तिचा पगार कुठून देणार ते सांग, मग बोलू.

आणि खरी गंमत इथेच. गंमत कसली, जीव जाळणारी गोष्ट. पैसे कुठून येतील हे बाईंना पाठ होतं. जो माणूस स्वतःचं स्वतः करू शकत नाही, अशा घरच्या माणसाला सांभाळणाऱ्याला करात चांगली घसघशीत सूट असते. डॉक्टरांचा दाखला लागतो, तर तोही बाईंनी आणून ठेवला होता, टेबलाच्या खणात. बाईंच्या पगारातून कापला गेलेला कर परत मिळाला असता आणि पुढचंही कमी कापलं गेलं असतं. त्यात सकाळपुरत्या ठेवलेल्या बाईचा पगार आरामात निघाला असता. फक्त एक ओळ लिहायची होती. अवलंबून असलेली व्यक्ती, आणि पुढे बाबांचं नाव. दुसऱ्या कुणाची ती ओळ बाईंनी डोळे मिटून लिहिली असती. आपल्या बापाची त्यांच्या हातून लिहवेना.

चष्मेवाल्याला त्यांनी पटवलं त्या दिवशी तर हे फारच टोचलं. चष्मेवाल्याचं दुकान समोरच, आणि त्याचा थोरला भाऊ लहानपणापासून अधू. जेवण, आंघोळ, कपडे, सगळं चष्मेवालाच करतो. तरी दर वर्षी 'अवलंबून कोण' म्हटलं की तो मान हलवायचा. कुणी नाही. यंदा बाईंनी पेन खाली ठेवलं आणि स्पष्ट विचारलं. चष्मेवाला चिडला. म्हणाला, माझा दादा ओझं आहे असं सरकारला लिहून देऊ काय? बाई शांतपणे म्हणाल्या की ओझ्याचा रकानाच नाही या कागदावर, हवं तर शोधून बघा. तुमच्या हक्काचं आहे ते सोडू नका. दादाला चाकांची खुर्ची घ्यायची म्हणता ना, त्यातूनच येईल ती. चष्मेवाल्यानं कागद वरून खालपर्यंत वाचून काढला आणि मग भावाचं नाव सांगितलं. उठता उठता त्याची नजर मशिनीसमोरच्या स्टुलाकडे गेली.

"आणि तुमचं, बाई?" तो म्हणाला. "तुम्ही यांचं लावता ना?"

बाईंनी चहा घेणार का म्हणून विचारलं. चष्मेवाला समजला आणि चहा न घेता गेला.

लॉन्ड्रीवाल्यानं ते ऐकलं होतं. तो म्हणाला, ताई, लोकांना शिकवता आणि स्वतः कोरड्या. बाई त्याच्यावर खेकसल्या. मग त्यांना वाईट वाटलं आणि त्यांनी सांगून टाकलं. ज्या माणसानं अख्ख्या गल्लीचे फॉर्म भरले, ज्याच्या दाराशी माणसं रांग लावून बसायची, त्याचं नाव मी अशा रकान्यात घालू? त्यांना एखाद्या दिवशी कळतं रे सगळं. त्या दिवशी कळलं तर?  लॉन्ड्रीवाला त्याच कॉलरवर पुन्हा पुन्हा इस्त्री फिरवत राहिला.

महिना असाच सरकत गेला. लोकांचे रिटर्न एकेक करून गेले. बाईंचा तेवढा राहिला. भावाचे दोन फोन येऊन गेले आणि दोन्ही वेळा बाईंनी बघते म्हणून सांगितलं. मुदतीचा शेवटचा दिवस उजाडला, तो नेमका सुट्टीचा. कंपनी बंद, म्हणून बाई सकाळपासूनच टेबलाशी होत्या. ज्यांना त्यांनी शेवटच्या दिवसाची वाट बघू नका म्हणून बजावलं होतं तेच सगळे धापा टाकत येऊन गेले. दुपार कलली तशी गर्दी ओसरली. लॉन्ड्रीवाला धुतलेले पडदे पोचवायला गेला. मोठी मशीन फिरून फिरून थांबली आणि दुकानात अशी शांतता पसरली की वरच्या पिशव्यांची सळसळ ऐकू यायला लागली.

काचेतलं फिरणं थांबलं तसे बाबा उठले. इकडे तिकडे पाहिलं. टेबलासमोरची गिऱ्हाइकाची खुर्ची रिकामी दिसली, तिथे आले, आणि अदबीनं विचारलं, बसू का?

बाईंनी त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं. ओळख नव्हती. आज बहीणही नाही, शेजारीणही नाही, समोर कुणी तरी कामाची बाई बसली आहे एवढंच. बाई म्हणाल्या, बसा. आणि सवयीनंच पुढे म्हणाल्या, डोळे मिटा आणि गेलं वर्ष सांगा.

बाबा हसले. म्हणाले, आमच्या वखारीतही अशीच पद्धत आहे. आणि त्यांनी डोळे मिटले.

ओल्या लाकडाचा वास फार आहे यंदा, त्यांनी सुरू केलं. माल भिजला. मालक चिडचिड करतात, पण पगार वेळेवर दिला. घरात बरं नव्हतं, बायकोला ताप, उतरेचना. औषधांच्या पावत्या ठेवल्या आहेत, पाकिटात आहेत, घरी शेल्फवर. मग बरी झाली ती. मग आम्ही नदीकाठी गेलो होतो एकदा, काही कारण नव्हतं, असंच. पोरीला बूट घेतले. लाल. बूट वजा होत नाहीत, माहीत आहे मला, पण वर्षात आले ते, म्हणून सांगितलं.

बाईंच्या हातातलं पेन थांबलं. ते लाल बूट त्यांना आठवत होते. डाव्या बुटाचं बक्कल सैल होतं आणि ते वाजायचं. बाबा, हे वर्ष नाही हो, असं ओठांवर आलं होतं, ती वर्षं गेली, आई गेली, वखार गेली. पण गिऱ्हाईक डोळे मिटून बोलत असताना मध्ये बोलायचं नाही हा नियम बाबांचाच. बाई बोलल्या नाहीत. त्यांनी कोरा कागद ओढला आणि बाबा सांगतील ते उतरवून घेत गेल्या, ओलं लाकूड, ताप, नदीकाठ, लाल बूट. बाहेर ऊन पिवळं होत चाललं होतं आणि वरचे कोट अगदी सावकाश या अंगावरून त्या अंगावर वळत होते. त्या उजेडात बाबांचा चेहरा इतका निवांत दिसत होता की बाईंना वाटलं, हे संपूच नये.

पण वर्ष संपलं. बाबांनी डोळे उघडले आणि पुढच्या प्रश्नाची वाट बघत बसले. बाईंनी पेन खाली ठेवलं.

"तुमच्यावर अवलंबून कोण?"

"चिमणी," बाबा लगेच म्हणाले. "माझी मुलगी. हा रकाना मी सगळ्यात शेवटी भरतो. बाकीचा कागद सगळा गेलेल्या पैशांचा, ही एक ओळ आपल्या माणसाची. तिचं नाव लिहिताना बरं वाटतं बघा. आपण कुणाला तरी पुरतोय असं वाटतं."

 मग बाबा पुढे झुकले आणि त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, जसं ते वखारीच्या दाराशी अडलेल्या माणसाला विचारायचे.

"आणि तुमच्यावर आहे का कुणी?"

"वडील आहेत."

"मग लिहिलंत ना त्यांना?"

"नाही लिहिलं. त्यांना कमीपणा वाटेल म्हणून."

बाबांनी विचार केला. खरंच विचार केला, कपाळाला आठ्या घालून, फॉर्म भरताना घालायचे तशा.

"चिमणीला नाही वाटत," ते म्हणाले. मग त्यांना काहीतरी आठवलं. "ती अंधाराला फार घाबरते. म्हणून मी बाहेरच्या खोलीतला दिवा रात्रभर चालू ठेवतो. तुमचे वडील घाबरतात का?"

"हल्ली घाबरतात."

"मग दिवा चालू ठेवा."

"ठेवते, बाबा," बाई म्हणाल्या.

लॉन्ड्रीवाला परत आला तेव्हा बाबा पुन्हा स्टुलावर बसले होते आणि काचेतलं फिरणं कधी सुरू होतंय म्हणून बघत होते. त्यानं चादरी आत टाकल्या, मशीन चालू केली, आणि टेबलाकडे वळून पाहिलं. बाई रडत होत्या आणि भावाशी फोनवर बोलत होत्या, दोन्ही एकदम. संस्थेला नको म्हणून कळव, त्या सांगत होत्या. पैशांचं मी बघितलंय. हो, आजच भरतेय. आणि सुट्टी काढून ये जरा, बाबांनी तुला बूट कोणत्या रंगाचे घेतले होते ते त्यांना तूच विचार.

मग त्यांनी खणातून दाखला काढला, बाजूला ठेवला, आणि स्वतःचा रिटर्न भरायला घेतला. पगार लिहिला, कापलेला कर जुळवला, बँकेचं किरकोळ व्याजसुद्धा दाखवलं, खाते क्रमांक दोनदा वाचला. तो एक रकाना त्यांनी शेवटी ठेवला. बाहेर दिवे लागले होते. मागे बाबा कुणाला तरी सांगत होते की तो निळा पुन्हा आला. बाईंनी बाबांचं नाव लिहिलं, पूर्ण, वखारीच्या दाराशी लोक हाक मारायचे तसं. लिहिताना त्यांना खरंच बरं वाटलं.